शुभदाकाकू आणि डेन्मार्कची शाळा

शुभदाकाकू बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि छताकडे बघायच्या. वर एखादी फळी करकरली किंवा नळ सुटला, की वाक्य जिथं सोडलेलं तिथूनच पुढं सुरू. २००४ साली अमेरिकेत, एडिसनमध्ये त्यांच्या तळघरात मी भाड्यानं राहायला आले, तेव्हा मला वाटलं, बाईंना उंदरांचा संशय असावा.

वर इरा होती. काकूंची एकुलती एक मुलगी, वीस वर्षांची, इथंच जन्मलेली. डॉक्टर व्हायचं म्हणून कॉलेजात गेली आणि दुसऱ्या वर्षी एकाएकी घरी परतली. दिवस दिवस अंथरुणातून उठत नसे. डिप्रेशनवरच्या गोळ्या चालू होत्या. काका नोकरीपायी आठवडाभर टेक्सासला, त्यामुळं काळजीचा सगळा कारभार काकूंकडे, आणि त्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मला युनिव्हर्सिटीतल्या लॅबमधून यायला जरा उशीर झाला की दारातच, "गाडीला काही झालं का? मी घाबरले नाहीये हं, नुसतं विचारतेय." माझा खोकला, दुधावरची तारीख, शेजाऱ्यांचा कुत्रा, सगळ्यांबद्दल त्या नुसतं विचारत असत.

एका रविवारी आम्ही मटार सोलत बसलो असताना इरा खाली आली. डेन्मार्कमधल्या एका शाळेत सहा महिने राहायला जायचंय म्हणाली.

"तिथं कोण जातं?" काकूंनी विचारलं.

"मोस्टली माझ्या वयाचे. हायस्कूल संपलंय, पण कॉलेज अजून सुरू नाही, असे. काही कॉलेज सोडलेले. पुढं काय करायचं ते माहीत नाही, असे तर खूप."

"परीक्षा?"

"नसते."

"मार्क? डिग्री?"

"नाही, आई. दॅट्स द होल पॉइंट."

"मग जातात कशाला?"

"एकत्र राहायला. सकाळी सगळे मिळून गातात. मग पॉटरी, म्युझिक, पॉलिटिक्स, जे आवडेल ते शिकतात. कुकिंग, भांडी, सगळं टर्न्स घेऊन करतात."

"भांडी घासायला डेन्मार्क? आपलं सिंक भरलंय की!"

इरा वर निघून गेली. काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. पुढचे मटार त्यांनी सालींच्या ढिगात टाकले.

दुसऱ्या दिवशी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून भाजी घेऊन आम्ही गाडीत बसलो, तर त्या गाडी सुरूच करेनात.

"इथं तिनं कूस बदलली तरी मला कळतं," त्या म्हणाल्या. "तिथं तिनं जिवाचं काही बरंवाईट केलं तर? मला कोण सांगणार?"

मलाही भीती वाटली. "मग नाही म्हणा ना, काकू."

"कसं म्हणू गं? इतक्या महिन्यांत तिनं माझ्याकडे काही मागितलेलं नाही. जेवायलासुद्धा नाही. हे पहिलंच मागणं."

डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून, शाळेशी बोलून, जानेवारीत इराला पाठवलं. त्यानंतर काकूंच्या घशाखाली धड घास उतरेना. मीही फोन वाजला की दचकायला लागले. रविवारी इराशी बोलणं व्हायचं, ते तुटक. "जेवलीस?" "हो." "झोप?" "ओके." त्या 'ओके'चा कीस काकू पुढचा रविवार येईपर्यंत पाडत.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी त्यांनी शाळेच्या कॉरिडॉरमधल्या फोनचा नंबर लावला. कुणीतरी उचलला, "इरा!" अशी हाक मारली आणि रिसीव्हर तसाच सोडून गेलं. स्पीकरवर पावलांची धावपळ, दारं आपटल्याचे आवाज, कुणीतरी बेसूर पियानो बडवत होतं. इरा येईना. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "का येत नाहीये? काही झालं तर नसेल?"

मग धापा टाकत आवाज आला. "आई? नंतर करू का फोन? बाहेर सगळे माझ्यासाठी थांबलेत. समुद्रावर चाललोय. बाय!"

फोन बंद झाला.

"तिला वेळ नाहीये," त्या म्हणाल्या. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. "माझ्याशी बोलायला वेळ नाहीये गं तिला!"

आणि त्या हसत हसत रडायला लागल्या.