ट्रेलरचं कूलंट जातं कुठे?

डेपोत त्याला सगळे थंडोबा म्हणायचे. एक तर तो कधी कोणावर आवाज चढवत नसे, आणि दुसरं म्हणजे जड गाड्यांची इंजिनं थंड ठेवणं हेच त्याचं काम. रेडिएटर, रबरी होज, पाण्याचा पंप यांतच त्याचे केस पिकले होते. खोड सापडली नाही असं इंजिन त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं. पण साडूच्या ट्रेलरनं त्याला चक्रावून टाकलं.

साडू त्याच डेपोत ड्रायव्हर. दर आठवड्याला तक्रार एकच: कूलंट कमी झालंय. थंडोबा भरून द्यायचा, पुन्हा कमी. त्यानं होज चाचपले, कोरडे. पंपाखाली बोट फिरवलं, कोरडं. ऑइल बघितलं, त्यात पाण्याचा अंश नाही. धूरही पांढरा नाही. हवेचा दाब देऊन बघितला, तर मापकाचा काटा खाली उतरेना.

"बाहेर नाही, आत नाही, मग जातं कुठे?" तो स्वतःशीच म्हणाला.

शेवटी त्यानं कूलंट काढून इंजिनाचं हेड खोललं. गळती अडवणारं मधलं गॅस्केट धडधाकट निघालं. नवीन घालून सगळं परत बसवलं, तरी आठवड्यानं कूलंटच्या टाकीतली पातळी खालीच.

आता थंडोबाला स्वतःचाच भरवसा वाटेना. झोपेतून उठल्यावर मनात पहिला विचार त्या टाकीचा. जेवताना ताटात काय आहे ते कळेना. आणि डोक्याचा असा भुगा झाला की माणूस भलतीकडेच वळतो, तसा तो साडूकडे वळला.

"साडूभाऊ, खरं सांगा," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चढावर गाडी तापली की तुम्ही झाकण उघडता का?"

"गरम झाकण उघडायला मला तोंड भाजून घ्यायचंय का?"

"मग कूलंट कमी कसं होतं?"

"मी पितो," साडू म्हणाला. "तुम्हाला सापडत नाही म्हणून माझ्यावर ढकलता? नाचता येईना, अंगण वाकडं."

बाकीचे हसले. थंडोबा हसला नाही. गोष्ट घरी पोचली आणि दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. थंडोबाला हे तर त्याहूनही कळेना. गाडी डेपोची, कूलंट डेपोचं. भांडण स्वयंपाकघरात कसं शिरलं?

"अहो, ताईचा फोन नाही आला," बायको रोज म्हणायची. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तिनंच चप्पल घातली. "मी जाते तिच्याकडे. तुम्हीही चला. भावजींशी नीट बोला."

सकाळ कडाक्याची थंड होती. साडूच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत ट्रेलर आदल्या संध्याकाळपासून उभा होता. बायको आत गेली. काय बोलावं ते सुचेना म्हणून थंडोबा गाडीपाशीच घुटमळला. इंजिनाखाली जमिनीवर ओला डाग होता.

"हा डाग कसला?" साडू दारात आल्यावर त्यानं विचारलं.

"कुत्रं असेल. रोज सकाळी असतो."

थंडोबा खाली वाकला, बोट ओलं करून वास घेतला. कुत्र्याचं काम नव्हतं. तो गाडीखाली सरकला. खालच्या होजच्या क्लिपमधून एक थेंब हळूच फुगत होता.

"इंजिन चालू करा."

साडूनं चालू केलं. इंजिन तापत गेलं तसा थेंब बारीक झाला आणि थांबला. गार पडल्यावर रबर आकसून तोंड किलकिलं होत होतं, तापलं की फुगून गच्च बसत होतं. डेपोत गाडी यायची ती नेहमी तापलेली. त्यानं तपासली होती तीही तशीच, आणि हेड खोललं तेव्हा कूलंट आधीच काढलेलं.

"साडूभाऊ," तो गाडीखालूनच म्हणाला, "मी भलतंच बोललो तुम्हाला."

"आधी बाहेर तर या. चहा गार होतोय."

होज नवीन घातले, क्लिपाही बदलल्या. बहिणींचं बोलणं तर चहा होण्याआधीच सुरू झालं होतं. ते कसं जुळलं हे थंडोबाला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात टाकीतली पातळी रेषेवर होती. त्याच्या पुढच्याही. थंडोबा तरी रोज वाकून बघायचा.

"आता काय झालं?" साडूनं विचारलं.

"काही नाही," तो डोकं खाजवत म्हणाला. "त्या थेंबांनी एवढं कूलंट जाईल, हे मला अजून पटत नाही."