गणपतीमागचा फ्रीज

आमच्या दुकानात बिअरच्या फ्रीजची रोज सकाळी आरती होत असे.

(हसू नका. कापूर, उदबत्ती, घंटा, सगळं साग्रसंगीत!)

जपानात, ग्योतोकु स्टेशनजवळ माझं किराण्याचं दुकान आहे. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला, लोणची, घरी केलेलं ताक, आणि कोपऱ्यात बिअरचा फ्रीज. खरं सांगायचं तर दुकान चालतं ते त्या कोपऱ्यावर. संध्याकाळी ऑफिसातून परतणारे जपानी लोक बिअर घ्यायला शिरतात आणि जाताना चिवडाही उचलतात. नुसत्या तूरडाळीवर इथलं भाडं निघत नाही हो!

अडचण होती ती सासऱ्यांची. अप्पा म्हणजे साताऱ्याचे निवृत्त हेडमास्तर आणि तिथल्या व्यसनमुक्ती मंडळाचे तहहयात अध्यक्ष. ते नुसते खाकरले तरी कोपऱ्यावरचा पानवाला शटर ओढायचा. अशा माणसाला फोनवर कसं सांगायचं, की अप्पा, तुमची सून बिअर विकते? मी आपली ‘किराणा, किराणा’ म्हणत वर्षं ढकलली. आणि एके दिवशी अप्पांनी चेरीचा बहर बघायला यायचं ठरवलं.

“नितीन, फ्रीजचं काय करायचं रे?” मी नवऱ्याला विचारलं.

“सांगून टाक की त्यांना.”

“तू सांग. वडील तुझे आहेत.”

“दुकान तुझं आहे,” असं म्हणून तो योकोहामाला ऑफिसात पळाला. (अडचणीच्या वेळी या माणसाला ट्रेन कशी लगेच मिळते, देव जाणे.)

मग मी माझं डोकं चालवलं. जरीच्या जुन्या साडीचा पडदा शिवून फ्रीजवर सोडला, पुढे चौरंग मांडला आणि चौरंगावर गणपती बसवला. आता कोण बघणार मागे?

अप्पा आले, त्यांनी दुकान न्याहाळलं आणि गणपतीपुढे हात जोडले. “वा, मेधा! परदेशात येऊनही देव विसरली नाहीस.” दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून ते थेट खाली दुकानात. खणखणीत आवाजात आरती! आरती संपल्यावर त्यांनी कान टवकारले. “अगं, गाभाऱ्यातून बारीक घुमल्यासारखं काय येतंय? ओंकार वाटतो.”

“असेल, अप्पा,” मी म्हटलं. ओंकार फ्रीजच्या मोटरचा होता.

नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी हळूच सांगून ठेवलं, पडद्यामागे हात घाला आणि आवाज न करता पैसे ठेवा. समोर राहणारे ओकादा-सान हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, वय अठ्ठ्याहत्तर, रोज संध्याकाळी दोन कॅन. ते यायचे, इथल्या जपानी देवळात वाजवतात तशा गणपतीपुढे दोन टाळ्या वाजवायचे, वाकायचे आणि पडद्यात हात घालायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, प्रसाद घेतायत!

अप्पा रुळल्यावर रोज संध्याकाळी मी सायकलवरून घरोघरी माल पोचवायला जायची, तेवढा वेळ गल्ल्यावर अप्पा. परत यावं तर ताक संपलेलं! मी नितीनला अभिमानाने सांगितलंसुद्धा, “बघ, जपानी लोकांना शेवटी ताक कळलं.”

आणि एक दिवस टॅक्स ऑफिसातून फोन आला. (इथे दारूविक्रीचा परवाना तेच देतात.) आवाज इतका नम्र होता की मी फोन धरूनच खुर्ची ओढली. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीतरी तक्रार केली होती, की या दुकानात पडद्याआडून दारू विकली जाते. त्यामुळे परवान्याची फेरतपासणी करायला उद्या दुपारी येत आहोत, त्रासाबद्दल क्षमस्व.

आता इथला नियम असा, की दारू उघड दिसेल अशी, वेगळी मांडलेली हवी आणि ‘वीस वर्षांखालील व्यक्तींना विक्री नाही’ ही पाटी ठळक दिसायला हवी. आमची पाटी ठळकच होती. गणपतीच्या बरोब्बर मागे!

परवाना गेला तर दुकान गेलं. पडदा काढावा तर अप्पा बघणार. रात्रभर विचार करून मी ठरवलं, दुपारी अप्पांना नदीकाठी फिरायला पाठवायचं आणि ते गेले की पडदा उतरवायचा.

अप्पांनी टोपी घातली, काठी घेतली, दारापर्यंत गेले आणि परत आले. “ऊन फार आहे. मी आपला इथेच बसतो.”

“अहो अप्पा, बहर संपेल!”

“संपू दे. पुढच्या वर्षी येईल.”

तेवढ्यात दारात मोरिता-सान उभे! टॅक्स ऑफिसचे अधिकारी, काळा कोट, ठरल्या मिनिटाला हजर. त्यांनी दुकानभर नजर फिरवली, गणपतीला नमस्कार केला आणि जपानीत हळू आवाजात विचारलं, “माफ करा, पण दारू कुठे आहे?”

“काय म्हणतोय तो?” अप्पा.

“काही नाही, अप्पा. हळद कुठे मिळेल, विचारतायत.”

“मग दे की हळद.”

मी हळदीचं पाकीट मोरिता-सानच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा विचारलं, “दारू?” आता काय, दुकान तरी जाणार नाहीतर सासर तरी! मी गणपती उचलून काखोटीला मारला, डोळे मिटले आणि पडदा ओढला.

एकामागे एक कॅन, ओळीने, गारेगार. अप्पांकडे बघायची माझी हिंमतच होईना.

“या पडद्यामागून कोणालाही दारू घेता येते,” मोरिता-सान गंभीर झाले. “वयाची खात्री कोण करतं?”

मी तोंड उघडणार, इतक्यात ओकादा-सान आज दुपारीच आत आले आणि सवयीने फ्रीजकडे वळले. मागून अप्पा कडाडले, “नान्-साई?”

म्हणजे वय काय? हे जपानी अप्पांना कोणी शिकवलं?

ओकादा-सान ताठ उभे राहिले, खिशातून ओळखपत्राचं कार्ड काढून दोन्ही हातांनी अप्पांपुढे धरलं. अप्पांनी चष्मा लावून ते तपासलं, मान हलवली, एक कॅन दिला आणि दुसऱ्याऐवजी ताकाची बाटली हातात ठेवली.

मोरिता-सान बघतच राहिले. “इथे नेहमी असंच चालतं?”

“रोज!” ओकादा-सान फुशारले. “सेन्सेई माझं वयसुद्धा रोज विचारतात. पन्नास वर्षांत कोणी विचारलं नव्हतं हो! खूप तरुण वाटतं.”

सेन्सेई म्हणजे मास्तर. माझ्या दुकानात मास्तरांचा वर्ग भरत होता, आणि मी बाहेर सायकलवर!

मोरिता-सान खळखळून हसले. पडदा आजच काढा, पाटी पुढे लावा, परवाना चालू राहील, असं म्हणाले. वयाची इतकी कडक तपासणी या भागात दुसरीकडे कुठे पाहिली नाही, असंही म्हणाले. जाताना हळदीचं पाकीट विकत घेतलं.

दार लागल्याबरोबर मला रडूच कोसळलं. “अप्पा, तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, सगळी हयात पोरांची दप्तरं तपासण्यात गेली. ओंकार कुठला आणि मोटर कुठली, एवढं कळत नाही मला? पण तू एवढी धडपडत होतीस, म्हटलं चालू दे. आणि दारू बंद करता येत नसेल, तर निदान शिस्त तरी लावावी माणसाने.”

मी वाकून नमस्कार केला. संध्याकाळी दुकान बंद केलं, अप्पा वर जेवायला गेले. म्हटलं, मेधाबाई, आज तुमचा परवाना वाचला, एक कॅन तुमचा हक्काचा! हळूच फ्रीज उघडला.

“नान्-साई?” जिन्यावरून आवाज आला.

“अहो अप्पा, मी मेधा! तुमची सून!”

“कार्ड?”

कार्ड वर, पर्समध्ये होतं.

परवाना माझा, फ्रीज माझा, बिअर माझी. आणि मी काउंटरवर बसून ताक पीत होते. तेही अप्पांनी उरलेलं म्हणून दिलं, कारण ताजं ओकादा-सानसाठी राखून ठेवलं होतं!