दसऱ्याला हललेली गाडी

रघुनाथ तांडेल देव मानत नसे. बाप समुद्रात बुडाला म्हणून त्याने देव सोडला, असं सिल्वासात बरेच जण एकमेकांना सांगत. खरं म्हणजे त्याचा बाप समुद्रकाठच्या वडराईला धडधाकट होता आणि रोज सकाळी ओट्यावर जाळी दुरुस्त करत बसत होता. हात जोडले की समोर कुणी आहे असं रघुनाथला लहानपणापासून कधी वाटलंच नाही, एवढीच गोष्ट. त्याचा त्याने गवगवा केला नाही. बायको, सुनंदा, घरात दिवा लावी. तेल संपलं की तोच आणून देई.

सरकारी दवाखान्याची जीप तो चालवायचा. दसऱ्याला दवाखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा होई. सुया, कात्र्या, टाइपरायटर, शिपायाची सायकल, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. रघुनाथ त्या दिवशी पोतं अंथरून जीपखाली शिरायचा. नट आवळायचा, ग्रीस भरायचा, चाकं उतरवून धुवायचा. कुणी छेडलं तर म्हणायचा, "वर्षभर हिचं खातो, तर एक दिवस हिच्याकडे नीट बघायला नको? कुंकवाचं तिला काय कळतंय!" जुने लोक हसून सोडून देत.

सहासष्ट साली मात्र रमाकांत वैद्य हेडक्लार्क होऊन मुंबईहून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण देवाधर्मात कसूर त्यांना खपत नसे. पावसाळ्यात जीप दोनदा रस्त्यावरून घसरली होती, ते त्यांच्या मनात बसलं होतं. सकाळी रघुनाथ पाना घेऊन आला, तर जीपला आधीच हार घातलेले, बॉनेटवर स्वस्तिक काढलेलं आणि किल्ली पूजेच्या ताटात.

"आज खाली शिरायचं नाही," रमाकांत म्हणाले. "नारळ तू फोडायचास. गाडी तुझ्या हातात असते."

"साहेब, तुम्ही फोडा. मी बाजूला उभा राहतो, चपला काढून."

"का? हात झिजतील?"

"माझ्या हातून खोटं होईल," रघुनाथ म्हणाला.

सगळा स्टाफ बघत होता. रमाकांतांचा चेहरा लाल झाला. त्यांनी नारळ उचलला आणि पायरीवर आपटला. आत पाणी काळं पडलेलं, खोबरं नासलेलं. नर्स मालतीबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे नासका निघाला की देवाने खाल्ला म्हणतात." रमाकांतांनी ते ऐकलं नाही. ते रघुनाथकडे बघत होते. "उद्या उत्तरपूजा होईपर्यंत गाडी जागची हलणार नाही. आणि गाडीला काही झालं, तर ते तुझ्या माथी."

दुपारी खानवेलकडून लखमा नावाचा एक वारली बसने आला. पायात काही नाही, अंगावरची बंडी घामाने चिकटलेली. त्याची पोरगी देवली कालपासून अडली होती. सुईणीने हात टेकले होते.

"मूल आडवं हाय म्हनतात," तो म्हणाला. "गाडी द्या, दादा."

डॉक्टर दादऱ्याला रोगी बघायला गेले होते, ते संध्याकाळी येणार होते. बाईला तोवर आणून ठेवणं एवढंच हातात होतं. मालतीबाईंनी पिशवी भरायला घेतली. रमाकांत दारात आडवे उभे राहिले.

"बैलगाडी करा. पैसे मी देतो माझ्या खिशातून. पण आज ही गाडी नाही. सकाळी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. अहो, मी त्या बाईच्याच भल्याचं सांगतोय!"

रघुनाथला कळलं, की हा माणूस खरोखरच घाबरला आहे. त्यामुळे चिडायलाही जमेना. तो ताटाजवळ गेला, अक्षता झटकून किल्ली उचलली आणि जीपवरचे हार काढून हलक्या हाताने पायरीवर ठेवले.

"उद्यापासून कामावर येऊ नकोस," मागून आवाज आला.

"उद्याचं उद्या, साहेब."

जाताना काही झालं नाही. परतताना देवलीला मागच्या बाकावर आडवं केलं. मालतीबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, लखमा पुढे. दिवस कलत होता आणि डोंगराकडून काळं आभाळ येत होतं. अर्ध्या वाटेवर रघुनाथने ब्रेक दाबला, तर पाय निम्मा खाली गेला. पुढच्या वळणावर पाय तळालाच टेकला.

ब्रेकचं तेल गळत होतं. आज सकाळी तो गाडीखाली शिरला असता तर दिसलं असतं. काल शिरला असता तरीही दिसलं असतं. काल त्याला कुणी अडवलं नव्हतं.

तो कुणालाच काही बोलला नाही. पुढे ओढ्याचा उतार होता. त्याने गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली. इंजिन घुरघुरलं. हँडब्रेक ओढला, तरी गाडी ओढ घेत राहिली. मागे देवली कण्हत होती, आणि रघुनाथच्या डोळ्यांसमोर काय यावं, तर ते नासकं खोबरं. 'नारळ फोडला असता तर?' हा विचार त्याच्या मनात आला. तो आला याचाच त्याला राग आला. त्याने स्टिअरिंग रस्त्याच्या कडेला वळवलं, डावी चाकं मातीत घासत नेली. जीप मंदावली, पण थांबली नाही. ती सरळ ओढ्यात उतरली आणि पाणी उडवून मधोमध बंद पडली.

वर डोंगरात पाऊस लागला होता. पाणी गढूळ होतं, आणि बघता बघता जीपच्या पायरीपर्यंत आलं.

"लखमा, जवळ पाडा आहे?"

लखमा पाण्यात उतरला आणि ओरडत चढावर पळाला. रघुनाथ कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जीपला खांदा लावत होता. जीप तसूभर हलेना. मालतीबाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "लवकर करा, हिचे हात गार पडायला लागलेत."

मग काठावरून माणसं धावत आली. शेतावरून सरळ आलेली, काहींच्या कमरेला विळे तसेच. कुणी काही विचारलं नाही. खांदे लागले, हाकारा झाला, जीप हलली, मागे आली, पुन्हा हलली. एक जण किंचाळला. दगड सरकून त्याचं पाऊल चाकाखाली सापडलं होतं. तरी त्याने हात काढला नाही. गाडी वर आली. बराच वेळ किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू झालं. रघुनाथने त्या माणसाला गाडीत घ्यायला हात पुढे केला. तो म्हणाला, "मी जाईन. तू पोरीला ने."

उरलेली वाट रघुनाथने बिनब्रेकची, बैलाच्या चालीने काढली. डॉक्टर आले होते. देवली वाचली. मूल वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रघुनाथ आणि रमाकांत दोघांना बोलावलं. रघुनाथने ब्रेकचं सगळं आपण होऊन सांगितलं. डॉक्टरांनी त्याला चांगलंच झापलं आणि नोकरीवर ठेवलं. रमाकांत एवढंच म्हणाले, "मूल गेलं ना शेवटी." पुढे ते रघुनाथशी कामापुरतंच बोलत. लखमाच्या पाड्यावर देवली जगली म्हणून कणसरीला, धान्याच्या देवीला, नवं भात वाहिलं गेलं. सुनंदाने देवापुढे साखर ठेवली. ज्याला त्याला आभार मानायला जागा होती. रघुनाथला मात्र जेवताना घास थांबे. पाण्यात खांदा लावणाऱ्यांपैकी एकाचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला त्याने आदल्या दिवशीच गाडी तपासून ठेवली, रजा घेतली आणि खानवेलच्या बसने ओढ्याशी उतरला. पाड्यावर भात कापणी चालली होती. त्याला बघून बायका गप्प झाल्या. सरकारी माणूस आला की काहीतरी लचांड निघतंच. पाय ओढत एक जण बांधावर आला. जान्या त्याचं नाव. पावलाचं हाड वेडंवाकडं जुळलं होतं.

"काय काम?"

"काम नाही. गाडी ढकललीत, त्याचं सांगायचं राहिलं होतं."

"पानी होतं, ढकलली," जान्या म्हणाला. "पोरगी आमचीच ना."

"तरी पण."

जान्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज तुमचा सण. देवाला सोडून हिकडं कशाला?"

"मी देव मानत नाही."

जान्याने हातातला विळा खालीवर केला. मग म्हणाला, "भात कापाया येतं?"

"नाही. मासे पकडता येतात."

बांधावरच्या बायका खळखळून हसल्या. जान्याने आपला विळा त्याच्या हातात दिला, मूठ कशी धरायची ते दाखवलं आणि पलीकडच्या पट्ट्याकडे बोट केलं. रघुनाथने सदरा काढून बांधावर ठेवला आणि वाकला.