तीन गलबतं आणि इतिहासाचे सर

आधी हातातला चहा संपवा. मागच्या वेळी हे सांगितलं, तेव्हा शेजारणीच्या नाकातून आला होता!

आमचं घर दाभोळला, खाडीकाठी. नणंद सुलभा रत्नागिरीला राहून इतिहासात एम. ए. करत होती. मी सातवी शिकलेली. होऊन गेलेल्या गोष्टी दोन-दोन वर्षं काय शिकायच्या, हे मला भारी कोडं!

एकदा तिचा फोन. "वहिनी, आज दुपारी आमचे सर येतायत, सोबत एक मोठ्या बाई. मी मागून येते. नीट बोल हां, माझं सगळं त्यांच्या हातात आहे." फोन बंद.

सर! सोबत मोठ्या बाई! म्हणजे मुलाची आईच की! सासूबाई सकाळीच मासळी विकायला गेलेल्या, नवरा मुंबईला. पोरीचं लग्न जमवणं एकट्या माझ्यावर! बाळाला कडेवर घेऊनच पोहे केले.

सर तरणे, चष्मेवाले. बाईंनी मोबाईल समोर ठेवला. "रेकॉर्ड केलं तर चालेल ना?"

म्हटलं, घरच्यांना ऐकवायचं असेल.

"मूळ गाव कुठलं? कुलदैवत कोणतं? इथे किती पिढ्या?"

सांगा, मुलगी बघायला आलेले दुसरं काय विचारतात?

"पूर्वी घरचं गलबत होतं?"

आता नाही कसं म्हणू? "तीन होती!"

सर पुढे सरकले. "तीन? कुठवर जायची?"

"मुंबई... आणि मस्कत!" आळीतले एकजण तिथे नोकरीला आहेत, म्हणून नाव ठाऊक.

बाई भराभर लिहीत सुटल्या. मग माझीही भीड चेपली. "सर, तुम्ही काय शिकवता?"

"समुद्री व्यापाराचा इतिहास. मॅडम मध्ययुग शिकवतात."

आईला मॅडम म्हणतो! केवढं वळण!

"नोकरी कायम ना?"

सरांचं तोंड उतरलं. "नाही हो. तासांवर."

"अगो बाई! मग संसार कसा चालायचा?"

"बायकोची नोकरी आहे ना."

बायको?! मी ताडकन उठले. "घरात बायको असताना आमची पोर बघायला आलात?"

सरांना ठसका, बाळाचं भोकाड, आणि दारात सुलभा!

"वहिनी! हे माझ्या प्रकल्पाचे सर! या आमच्या विभागप्रमुख! आपल्या घराची जुनी माहिती घ्यायला आलेत!" मग बाईंच्या वहीत डोकावून, "आणि तीन गलबतं कुठली गो?"

मला रडूच फुटलं. पोरीचे मार्क बुडवले मी! हुंदके देत खरं सांगितलं, की आजेसासरे दुसऱ्यांच्या गलबतांची शिडं शिवायचे.

बाईंनी नवं पान काढलं. "शिडाचं कापड कुठलं? दोरा कसला? सुई केवढी?" तासभर विचारत होत्या. गलबतवाल्यांची नावं कागदोपत्री सापडतात, म्हणाल्या, शिडं शिवणाऱ्यांना कोण लिहून ठेवतं? तेव्हा कुठे कळलं, ही पोर काय शिकते ते. मग मीच विचारत बसले, आणि कोणाकोणाचं लिहायचं राहिलंय?

सुलभा चांगल्या मार्कांनी पास झाली. आणि मी? मी दरवर्षी एम. ए.च्या वर्गात वाजते! तीन गलबतं, मस्कत, सगळं. ते रेकॉर्डिंग ऐकवून सर पोरांना शिकवतात, सांगणाऱ्यावर लगेच विश्वास का ठेवू नये!