शिवलेला शेवट

"तुझा राग कोणावर आहे?"

पुस्तक मागायला आलेल्या प्रत्येक पोराला आपा आधी हे विचारायच्या. मांडीवर इंग्रजी कादंबरी, हातात सुई. पोरगं उत्तर शोधत उभं असायचं तोवर त्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण जाड सुती धाग्याने शिवून टाकायच्या आणि धागा दाताने तोडायच्या.

नारपोलीच्या गल्ल्यांतून तुम्ही कधी गेला असाल तर ती घरं तुम्हाला माहीत आहेत. खाली कापड विणणारे लूम, वर संसार. नवरा गेल्यावर आपा लूम स्वतःच चालवायच्या, आणि वरच्या खोलीत पुस्तकं. जवळच्या पूर्ण्याच्या गोदामांत गिऱ्हाइकाकडून परत आलेली, कोपरे दुमडलेली पुस्तकं गोणीने विकली जातात. त्या गोण्या आपा आणायच्या. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे आवाज इतका चढा, की साधं "बस" म्हणाल्या तरी पोरं दचकत.

मी जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्या पोरांना धडा वाचता येत नव्हता आणि ह्या बाईकडे जाऊन ती कादंबऱ्या वाचतात, हे कळल्यावर मी तणतणतच त्यांच्याकडे गेले. मलाही तोच प्रश्न.

"माझा कशाला कोणावर राग असेल? माझं सगळं ठीक आहे," मी म्हटलं.

"मग तुम्हाला पुस्तक नाही मिळणार, टीचर."

मी ताडकन उठले. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले असेन, वरून आवाज आला, "हां, आता आलाय राग. माझ्यावर ना? या, बसा."

त्यांची पुस्तकं निवडायची रीत ही एवढीच. भावाला बाहेर सोडतात आणि मला नाही, असं म्हणणाऱ्या पोरीला त्यांनी एकटीने होडी घेऊन निघालेल्या मुलीची गोष्ट दिली. सावत्र बाप मारतो म्हणणाऱ्याला लांडग्याचं पिल्लू पाळणाऱ्या पोराची. कुणी "इंग्रजी सुधारायचंय" म्हणालं की सरळ हाकलून द्यायच्या. "क्लासला जा. इथे ज्याचं पोट जळतं तोच वाचतो."

शिवणीचा नियम पक्का. तिथपर्यंतची गोष्ट आपल्या भाषेत सांगायची, मग आपा कापणार. "आधी गोष्ट, मग कात्री." एकाने घरी गुपचूप शिवण उसवली, शेवट वाचला आणि पुन्हा शिवून आणली. गाठ अगदी आपांसारखी, लूमवाल्याचंच पोर ते. आपांनी धाग्यावर नुसतं बोट फिरवलं. "बेटा, तुझ्या बापाच्या लूमवर पॉलिस्टर चालतं. माझा धागा सुती हाय." महिनाभर त्याला पुस्तक नाही. त्याची आई रदबदली करायला आली, तिलाही चहा पाजून परत पाठवलं.

शिवता कशाला, मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

आपांचा बाप त्यांच्या लहानपणीच गेला. चाचांनी वाढवलं. नववीत असताना कुणाकडून तरी कव्हर फाटलेली एक इंग्रजी कादंबरी मिळाली. खाणीत अडकलेल्या बापाला शोधायला एक पोरगी एकटी आत उतरते. कंदील विझतो आणि अंधारात तिला ऐकू येतं, पलीकडून कुणीतरी दगडावर ठोकतंय. एवढ्यावर चाचांनी पुस्तक हातातून ओढलं. पोरी कादंबऱ्यांनी बिघडतात म्हणाले, आणि त्यांच्या सायझिंगच्या कारखान्यात, जिथे लूमचा धागा खळ लावून तयार होतो, तिथल्या बॉयलरमध्ये टाकलं. पाठोपाठ शाळाही सुटली.

"मला पुस्तकाचं नाव पण माहीत नव्हतं, टीचर. पलीकडे बाप होता की नव्हता, तेच डोक्यात घेऊन मी निकाह केला, पोरं काढली. त्या माणसाला मी माफ नाही केलं. करणार पण नाही."

मला हे ऐकून त्यांचा फार अभिमान वाटला. माफी मागायलाही न आलेल्यांना माफ करा, माफ करा, असं बायकांना जन्मभर सांगतात त्याची मला चीड आहे.

एका गोणीत ती कादंबरी निघाली. नवी छपाई, चकचकीत कव्हर. पहिल्याच पानावर आपांनी ओळखली. आणि शेवट न वाचता, बरोबर ठोकण्याच्या आवाजापासून पुढची सगळी पानं शिवून टाकली.

चाचा तेव्हा समोरच्याच इमारतीत होते. डोळे गेलेले, जीभ शाबूत. त्यांची दहावीतली नात आपांकडे यायची. तिला आपांनी ती कादंबरी दिली, आजोबांना वाचून दाखव म्हणून सांगितलं. रोज दुपारी ती वाचायची आणि अर्थ सांगायची. म्हातारा गुंतला. शिवणीपाशी गोष्ट थांबली तसं त्याचं जेवणावरचं मन उडालं. शेवटी नातीचा हात धरून आपांचा जिना चढून आला. मी तिथेच होते.

"पलीकडे बाप होता का? सांग ना गं."

"चाचा, हे पुस्तक आधी कधी हातात आलं नव्हतं?"

"नाही."

आपांनी बॉयलरची आठवण करून दिली. म्हातारा आठवू लागला, पण त्याला खरंच काही आठवेना. माझ्याच अंगाचा तिळपापड झाला. आपा मात्र शांतपणे म्हणाल्या, "मी पण पुढचं नाही वाचलं. तुम्ही असेपर्यंत वाचणार नाही. आता दोघं सारखेच राहू."

त्यांनी पुस्तक आणि कात्री माझ्या पिशवीत टाकली. घरात ठेवलं तर हात शिवशिवतील म्हणाल्या.

पण आधी गेल्या त्याच. छातीचं दुखणं निघालं आणि पंधरा दिवसांत आटोपलं. म्हातारा अजून जिता आहे ह्याचा मला किती संताप आला, ते लिहायला मला लाज वाटत नाही.

काही दिवसांनी चाचांची नात शाळेत माझ्याकडे आली. आजोबांना ती बडे अब्बा म्हणायची. "टीचर, बडे अब्बा शेवट मागतात."

"तुझा राग कोणावर आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

 ती म्हणाली, "त्यांच्यावर. दहावीनंतर बास, कॉलेज नाही, असं सांगून टाकलंय."

मी पिशवीतून पुस्तक आणि कात्री काढून तिच्या हातात दिली. तिच्याबरोबर घरीही गेले. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं.

ती आजोबांच्या खुर्चीसमोर बसली, शिवण कापली आणि मनातल्या मनात वाचू लागली. खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज. म्हातारा कान देऊन पुढे वाकला होता. एका पानावर तिने ओढणीने डोळे पुसले.

"होता का बाप? बोल ना, होता का?"

"आधी कॉलेज, बडे अब्बा," ती म्हणाली. "मग शेवट."

तो ओरडला, काठी आपटली. तिने ऐकून घेतलं. मग कोनाड्यातून सुईदोरा घेतला, ती पानं पुन्हा शिवायला बसली, आणि शेवटचा टाका घालून धागा दाताने तोडला.