पोट मऊ, गाठ नाही

आपण आयुष्यात किती वेळा मेलो, हे अप्पांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. एकतीस वर्षं नाटक कंपनीत काढली आणि वाट्याला येत राहिली ती दुसऱ्या अंकात मरणाऱ्यांची कामं. कुणी विष घालून मारलं, कुणी जिन्यावरून ढकललं, एका नाटकात तर नुसतं पत्र वाचूनच जीव गेला. पण मरायचे झकास! शेवटच्या रांगेतली माणसं रुमाल शोधायची. कंपनीत त्यांचं नावच ‘मयत’ पडलं होतं. “मयत आले का? चहा द्या त्यांना,” असा मेकअपवाला रोज पुकारा करायचा आणि नवीन आलेला एखादा नट दचकून दाराकडे बघायचा.

कंपनी बंद पडली, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा अप्पा मेडिकल कॉलेजात रोगी म्हणून लागले. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांच्या परीक्षेला खोटा रोगी लागतो. एका मोठ्या दालनात पडदे लावून खण केलेले असतात, प्रत्येक खणात एक खाट. रोग्याला आदल्या दिवशी कागद मिळतो: दुखणं कोणतं, किती दिवसांचं, कुठे दाबलं की कण्हायचं. विद्यार्थी येतो, विचारतो, तपासतो. कोपऱ्यात परीक्षक तक्त्यावर खुणा करत असतो. आठ मिनिटांनी घंटा. हा गेला, दुसरा आला. अप्पांच्या मते हे रंगभूमीपेक्षा सरस होतं, कारण इथे प्रेक्षक हात लावून बघायचा.

शहरात मेडिकल कॉलेजं दोन, एक मोठं, एक छोटं; नऊ वर्षं ते मोठ्या कॉलेजात आडवे होत होते. तिथला घुमट, संगमरवरी जिना, भिंतीवरच्या गेलेल्या डॉक्टरांच्या तसबिरी, सगळ्यांवर त्यांचा जीव. आणि आता त्यांच्या नातीला त्याच कॉलेजातून प्रवेशाचं बोलावणं आलं होतं. गंमत अशी की छोट्या कॉलेजातूनही आलं होतं. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत एकाला हो म्हणायचं, दुसऱ्याला नाही.

“मोठं!” अप्पांनी सोमवारी रात्री जेवताना निकाल दिला. “यात विचार कसला? त्या जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाचा खांदाच वेगळा दिसतो.”

“अप्पा, थिएटरचा घुमट बघून नाटक चांगलं म्हणायचात का तुम्ही?” नात म्हणाली.

“ते वेगळं.”

“वेगळं कसं? मोठ्या कॉलेजात तुम्ही नऊ वर्षं खाटेवर पडलाय. छोट्या कॉलेजात एकदा पडून या. डॉक्टर कुठे चांगले घडतात, ते खाटेवरच्या माणसाला कळणार नाही तर कुणाला? तुम्ही सांगाल तिथे जाईन. शप्पथ.”

“घ्या!” सून हसून म्हणाली. मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणून घरात हे तिघंच. “पोरीचं कॉलेज आता आडवं पडून ठरणार. अप्पा, घोरू नका तेवढं.”

मंगळवारी मोठ्या कॉलेजात परीक्षा होतीच. कागदावर होतं: तीन दिवस पोटात जळजळ, पोट मऊ, गाठ नाही. बारा विद्यार्थी आले. सगळे स्वच्छ, चटपटीत, नाव सांगून परवानगी मागणारे. त्यातल्या एका चष्मेवाल्या मुलाची बोटं बेंबीच्या जरा वर येऊन थबकली. त्याने डोळे मोठे करून अप्पांकडे पाहिलं, मग गालातल्या गालात हसला आणि परीक्षकाकडे वळून म्हणाला, “पोट मऊ, गाठ नाही.” घंटा झाली. अप्पा दिवसभर खूश होते. इतक्या वर्षांत दाद देणारा एक तरी भेटला!

बुधवारी छोट्या कॉलेजातही तशीच परीक्षा होती; रोगी म्हणून नाव देऊन ते तिथे गेले. इमारतीत पूर्वी छापखाना होता, जमिनीवर शाईचे डाग अजून होते. पडद्याच्या कड्या अडकत होत्या, नळ टिपटिपत होता. कागद मात्र तोच, जळजळीचा. सहावी आलेली मुलगी अगदीच गोंधळी. नाव सांगायला विसरली, पेन पाडलं, गार हातांबद्दल दोनदा माफी मागितली. “ही गेली कामातून,” अप्पा मनात म्हणाले.

मग तिचा हात बेंबीच्या वर थांबला. तिने दुसराही हात टेकवला. दोन्ही तळव्यांमध्ये काहीतरी धरल्यासारखी ती वाकून बघत राहिली. घंटा झाली. ती हलेना.

“बाळ, घंटा झाली,” अप्पा विंगेतून सांगावं तसं कुजबुजले.

“आजोबा, हे तुमच्या कागदावर आहे?”

“काय?”

“तुमच्या पोटात काहीतरी उडतंय. माझे हात बाजूला ढकलतंय.”

“भूक असेल. सकाळपासून चहावर आहे.”

ती हसली नाही. पुढचा विद्यार्थी पडद्यातून डोकावला. “वेळ संपली,” परीक्षक करवादले. “मार्क जातील तुझे.”

“जाऊ देत, सर. तुम्ही एकदा हात लावून बघा.”

परीक्षक नाइलाजाने उठले. हात लावला आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला, की अप्पांना पहिल्यांदा भीती वाटली. असा चेहरा त्यांनी रंगमंचावर शेकडो वेळा पाहिला होता. तिथे तो रंगवलेला असायचा.

“परीक्षा थांबवा,” ते बाहेर बघून म्हणाले.

तासाभरात सोनोग्राफी झाली. हृदयाकडून खाली येणारी मोठी रक्तवाहिनी पोटात फुग्यासारखी फुगली होती. फुटली असती तर दवाखाना गाठायलाही सवड मिळाली नसती. ऑपरेशन शनिवारी, भरती शुक्रवारी दुपारी, तोवर जड काही उचलायचं नाही. “हे एका रात्रीत झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाले. “याआधी तुमचं पोट कुणी तपासलंच नाही?”

नऊ वर्षं त्यांचं पोट तपासण्याखेरीज कुणी काही केलं नव्हतं.

घरी अप्पांनी दोघींना सगळं सांगितलं. नात म्हणाली, “म्हणजे मोठ्या कॉलेजात एकालाही लागलं नाही हाताला?”

“अगं, कागदावर नव्हतं, त्यांनी कशाला शोधावं? नसेल लागलं,” अप्पा म्हणाले. त्यांच्या मनातला घुमट अजून शाबूत होता.

गुरुवारी ते मोठ्या कॉलेजात कळवायला गेले, की आता काही महिने जमणार नाही. जिन्याखालीच तो चष्मेवाला भेटला.

“डॉक्टरसाहेब, परवा तुमचा हात थबकला होता. का हो?”

मुलगा खुलला. “अप्पा, मानलं तुम्हाला! पोट कसं उडवता हो तसं? मागच्या वर्षीच सीनियरनी सांगून ठेवलं होतं.”

“काय सांगून ठेवलं होतं?”

“हेच की, तिसऱ्या पडद्यामागचे अप्पा नट आहेत, पोट उडवून चकवतात, फसायचं नाही. कागदावर गाठ नाही म्हणजे नाही. आम्ही सगळे तेच सांगतो.”

म्हणजे ती फुगलेली रक्तवाहिनी सापडली होती. वर्षभर, कितीतरी हातांना सापडली होती, आणि प्रत्येकाने ती पुढच्याला सांगितलीही होती. युक्ती म्हणून.

“बाळा,” ते हळूच म्हणाले, “ते काम मी करत नव्हतो.” आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं.

मुलगा पायरीवरच बसला. म्हणाला, “मला वाटलं होतं विचारावं. पण घंटा झाली.”

अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “चूक तुझ्या एकट्याची नाही रे. मी तुझ्या डोळ्यांत टाळी बघितली. म्हातारा नट, दुसरं काय बघणार?”

मुलगा उठला. “मी वर जाऊन सरांना सांगतो,” म्हणाला आणि जिना चढू लागला. त्याचा खांदा अजिबात वेगळा दिसत नव्हता.

शुक्रवारी साडेअकराला अप्पांची पिशवी दारात तयार होती. नात टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसलेली. अप्पांनी खुर्ची ओढली आणि जिन्याखाली झालेलं सगळं बोलणं तिला सांगितलं, एकही वाक्य न गाळता. सुनेने तोंडावर हात ठेवला.

“मोठं कॉलेज वाईट नाही गं,” अप्पा म्हणाले. “तो पोरगा सांगायला वर गेलाच. पण...”

त्यांनी नातीचा डावा हात धरून आपल्या पोटावर, बेंबीच्या जरा वर ठेवला.

तिचे डोळे विस्फारले. तो धक्का तिच्या तळव्याला एकदा लागला, पुन्हा लागला. तिने श्वास रोखून धरला होता. मग नजर न हलवता उजव्या हाताच्या एका बोटाने, चुकतमाकत, तिने छोट्या कॉलेजला हो कळवलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. “चला, अप्पा,” सून म्हणाली. हॉर्न पुन्हा वाजला.

“थांब जरा,” नात म्हणाली. तिचा हात होता तिथेच होता.