बोअर घेऊ नये

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यात आधी माझेच कान गरम होतात. कारण त्या गुन्ह्याची सुरुवात माझ्याच तोंडातून झाली होती.

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. एके सकाळी एक गृहस्थ खरेदीखत घेऊन आला. नोकरीसाठी तो रोज बसने शिरपूरला ये-जा करायचा. त्याने नुकतंच घर घेतलं होतं. विकणारे नाना आणि अक्का, दोघं म्हातारे बहीणभाऊ, शेजारच्याच भागात राहत होते आणि त्यांनी खतात अटी घातल्या होत्या. दोन्ही घरांमधल्या विहिरीवर गल्लीचा हक्क राहील. विहिरीची वाट बंद करू नये. आणि आवारात कधीही बोअर घेऊ नये.

"साहेब, ही शेवटची अट पाळावीच लागते का?" त्याने विचारलं.

प्रश्न वकिलाचा होता. पण समोर चहा होता, दोन हवालदार ऐकत होते, आणि मला विद्वत्ता सुचली. मी म्हणालो, "जमीन तुमची म्हणजे पार पाताळापर्यंत तुमची. म्हातारी माणसं काहीही लिहून घेतात. घ्या बिनधास्त." हवालदार हसले. साहेबांच्या विनोदाला हसणं हा ड्युटीचाच भाग असतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

दोनेक महिन्यांनी तोच गृहस्थ फिर्याद द्यायला हजर झाला. त्याने दोनशे फूट बोअर घेतला होता. वीजजोडणीत बरेच दिवस गेले. अखेर मोटार सोडायला माणसं आली, तर पाइप दहा फुटांवरच अडला. कुणीतरी बोअर बुजवला होता. पाणीपुरवठा कमी करणारं नुकसान केल्याचा गुन्हा मी नोंदवला आणि तपास स्वतःकडे घेतला.

संध्याकाळपर्यंत खबरही मिळाली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने हळूच सांगितलं की नाना विहिरीच्या काठावर उभे राहून सगळ्यांदेखत बोलले होते, हे भोक बुजवल्याशिवाय राहणार नाही. बोअर झाल्यावर पंधरा दिवसांत विहीर आटली होती, तीही मोटार बसण्याआधीच. आमच्याकडचा खडकच तसा. वरच्या भेगांमधलं पाणी बोअरच्या भोकातून सरळ खाली उतरून जातं. हे मला पुढे एका जाणकाराने समजावलं. तेव्हा मी एवढंच पाहिलं की गल्लीतल्या बायका हंडे घेऊन उन्हात टँकरमागे धावताहेत, आणि केस डायरीत लिहिलं: हेतू निष्पन्न.

नानांना चौकशीला बोलावलं. पहिलाच प्रश्न विचारला आणि ते अहिराणीत म्हणाले, "दगडं मीच टाकात, साहेब. लिही ल्या."

मी लिहून घेत होतो तेवढ्यात काठी टेकत अक्का आत आल्या. "त्यानं आयकू नका, साहेब. रेती मी टाकी."

एका गुन्ह्यात दोन कबुल्या. माझ्या नोकरीत एवढं सुख कधी मिळालं नव्हतं. एकाने दगड सांगितले, दुसरीने रेती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ते यायच्या आत मी वरिष्ठांना फोन करून मोकळा झालो. दोघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की हे दुसऱ्यानेच केलं, आणि दोघंही एकमेकांसाठी तुरुंगात जायला निघाले होते. हे न दिसायला माणूस माझ्याइतका हुशारच लागतो.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो. बोअरवाल्यांनी पाइप खाली सोडून नमुना वर काढला. दगड नाही, रेती नाही. निघाली काळी माती, तीसुद्धा लिंबाएवढ्या गोळ्यांची. खालचे गोळे फुगून एकजीव झाले होते, वरचे अजून सुटे होते. आमच्या महिला हवालदाराने एक गोळा तळहातावर फिरवला.

"साहेब, हा रोज पीठ मळणारा हात आहे."

मी अक्कांकडे पाहिलं. संधिवाताने त्यांची बोटं धड मिटतही नव्हती. पंचांना चहा देत असलेल्या फिर्यादीच्या बायकोने ट्रे खाली ठेवला.

"गोळे मी वळले," ती म्हणाली.

तिचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. तिकडे बांध झिरपायला लागला की काळ्या मातीचे गोळे ठासतात. माती पाण्यात फुगते आणि भोक गच्च धरून बसते. ढेकूळ टाकलं तर वरच अडकतं, गोळा मात्र थेट तळाला जातो. झाडांसाठी आणलेला मातीचा ढीग अंगणात होताच. नवऱ्याची बस सुटली की ती रोज गोळे वळायला बसायची. नऊ दिवस, भर उजेडात. बघणाऱ्यांना वाटलं, कुंड्या भरतेय.

मी ठेवणीतला आवाज काढला. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केल्यास काय होतं, ते सांगू लागलो.

"दुसऱ्यानी कशी, साहेब? घर माना नाववर शे. खतवर सही मानी शे," ती माहेरच्या अहिराणीवर आली.

मी फाइलमधलं खत काढलं. मुद्रांक शुल्कात सवलत मिळते म्हणून नवऱ्याने घर बायकोच्या नावावर घेतलं होतं. अटींच्या पानावर मी हसलो होतो आणि पहिलं पान वाचलंच नव्हतं. घर तिचं, बोअर तिचा. गुन्हाच उरला नाही.

नवऱ्याने विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "खत नोंदवताना निबंधकांनी विचारलं होतं, अटी कबूल आहेत का. नाना-अक्का समोर बसले होते. मी हो म्हटलं होतं. तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही थांबवलं असतं."

अक्कांनी मला मनगटाला धरून विहिरीशी नेलं. मी वाकलो. दोन काळ्या थरांच्या सांध्यातून करंगळीएवढी धार सुटली होती, आणि तळाला हातभर पाणी हलत होतं. त्या थंड काळोखातून फक्त पाण्याचा आवाज वर येत होता. मुद्देमाल मी पोत्यांनी जप्त केलाय, सोन्याचे ढीग मोजून घेतलेत. पण गेलेलं पाणी एका बाईच्या मुठीतून परत आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. टोपी कधी हातात आली, मला कळलं नाही. नवरा माझ्या शेजारी बराच वेळ वाकून उभा होता. मग मोटारवाल्यांकडे वळून म्हणाला, "घेऊन जा परत."

मागे नाना अक्कांना ऐकवत होते, "तुले हंडा उचलता येत नही, रेती कशी उचली?" अक्कांनी काठी आपटली.

गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, अशी 'क' समरी कोर्टात पाठवली, वरिष्ठांना पुन्हा फोन केला आणि जे ऐकायचं ते ऐकलं. त्याआधी तिचा जबाब घेतला. आयुष्यभर मी जबाबांखाली 'वाचून पाहिला, बरोबर आहे' असं लिहून सह्या घेतल्या. वाचलं कुणीच नव्हतं, सही करणाऱ्याने नाही आणि मीही नाही. सहीला माणूस बांधला जातो हे कायदा शिकवणाऱ्यांनी मला सांगितलं होतं. ते खरं असतं, हे मी त्या टेबलापाशी पाहिलं. ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होती. एका जागी बोट थांबलं. सवयीने मी लिहिलं होतं, 'रागाच्या भरात बोअर बुजवला.'

"राग नव्हता," ती म्हणाली. "कबूल केलं होतं, म्हणून बुजवला. तसं लिहा."

मी ती ओळ खोडली, ती म्हणाली तसं लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी माझी आद्याक्षरं घातली. तिने ती ओळ पुन्हा वाचली, आणि मग पेन मागितलं.